दुपट्याचे शंभर ग्रॅम

माझ्या तबकडीवर, घड्याळात तीन वाजतात त्या जागी, एक लाल रेघ आहे. ती छापील नाही. नखांना लावतात त्या रंगाने हाताने ओढलेली आहे. तिची जाडी एक मिलिमीटर. माझ्या तबकडीवर एक मिलिमीटर म्हणजे वीस ग्रॅम, साधारण चार चमचे साखर. रेघेचा खालचा काठ बरोबर अडीच किलोवर आहे आणि सगळी जाडी वरच्या, म्हणजे कमी वजनाच्या बाजूला आहे. सुई लाल रंगाला नुसती शिवली, तरी ते बाळ कमी वजनाचे समजायचे. रेघ ओढणाऱ्या व्यक्तीने हा विचार आधी केला होता.

मित्रांनो, मी नवजात बाळांचे वजन करणारा काटा आहे. बुलढाणा जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात, प्रसूती कक्षाच्या खिडकीजवळच्या टेबलावर माझी सोळा वर्षे गेली. जानेफळ, साखरखेर्डा, दुसरबीड अशा गावांकडून बाया इथे बाळंतपणाला येतात. त्यांच्या बाळांना सगळ्यात आधी डॉक्टर किंवा नर्स हातात घेतात आणि त्यानंतर मी.

माझा जन्म कारखान्यातला. पांढऱ्या रंगाचे लोखंडी अंग, वर पत्र्याचे उथळ पारडे आणि आत एक पोलादी स्प्रिंग. पारड्यावर भार पडला की स्प्रिंग दबते आणि तिच्या दबण्याइतकी सुई फिरते. यापेक्षा जास्त माझ्यात काही नाही. कारखान्यातल्या एका माणसाने माझ्यावर पितळी वजने ठेवून पाहिली, सुई जागेवर आणली, काच बसवली आणि मला पुठ्ठ्याच्या खोक्यात घातले. खोक्यात कागदाच्या कातरणी होत्या. पुढचे काही आठवडे मला फक्त हादरे जाणवले. खोके उघडले तेव्हा मी या टेबलावर होतो.

माझ्यावर आलेली पहिली मुलगी तीन किलो वीस ग्रॅमची होती. तिच्या आईने खाटेवरूनच विचारले, “किती भरली?” उत्तर ऐकून तिने डोळे मिटले. तेव्हापासून हा प्रश्न मी रोज ऐकतो. काही जणी मुलगा की मुलगी हे विचारण्याच्या आधी तो विचारतात.

खोके उघडणाऱ्या नर्सचे नाव जयमाला. सगळे त्यांना जयमाला सिस्टर म्हणतात. त्या तेव्हाही याच कक्षात होत्या आणि आजही आहेत. आता कक्षाच्या प्रमुख आहेत. त्या मोजके बोलतात. टेबलाच्या खणात त्यांची आलेख कागदाची वही असते. लाल रेघ त्यांनीच ओढली.

दुसरी व्यक्ती कोकिळाबाई. त्या कक्षात आया आहेत. बाळ पुसणे, गुंडाळणे, आईजवळ नेणे हे काम त्यांचे. मी नवा होतो तेव्हा जयमाला सिस्टर बाळाला उघडेच माझ्यावर ठेवायला निघाल्या. कोकिळाबाईंनी हात आडवा घातला.

“उघडं लेकरू पत्र्यावर ठेवू नका शिस्टर. हिव भरते त्याले.”

“आणि नजर?”

“तेही हायेच. पण तुमाले हिवाचं समजते, म्हून हिवाचं सांगतलं.”

जयमाला सिस्टर हसल्या. पत्रा खरोखर थंड होता आणि नवजात बाळाच्या अंगातली ऊब फार लवकर जाते, हे त्यांना माहीत होते. म्हणून त्यांनी एक पद्धत ठरवली. बाळ रुग्णालयाच्या सुती फडक्यात गुंडाळूनच माझ्यावर ठेवायचे. फडक्याचे वजन एकशे वीस ग्रॅम होते. माझ्या पाठीमागे एक बारीक चावी आहे, ती फिरवून त्यांनी सुई तेवढी मागे घेतली. फडके ठेवले की सुई शून्यावर. फडक्यासकट बाळ ठेवले की फक्त बाळाचे वजन.

त्यांनी एक तक्ताही भिंतीवर लावला. रोज सकाळी माझ्यावर फडके ठेवायचे, सुई शून्यावर आहे ना ते पाहायचे आणि सही करायची. ही सही सोळा वर्षांत क्वचितच चुकली.

मधे दोन वर्षे मात्र माझी गरज पडली नाही. बॅटरीवर चालणारा, आकडे उजळवणारा नवा काटा आला आणि मला कपाटावर ठेवण्यात आले. माझ्या पारड्यात जुन्या फायली साचल्या. वर किती वजन आहे ते मी दाखवत होतो, पण पाहायला कोणी नव्हते. मग त्या काट्याची बॅटरी फुगली, नवी मिळेना, आणि एका दुपारी कोकिळाबाईंनी स्टुलावर चढून मला खाली काढले. ओल्या कापडाने पुसताना त्या म्हणाल्या, “हा आपला बरा. याले भूक लागत नाही.”

चार वर्षांपूर्वी डॉ. हर्षल इथे अधीक्षक म्हणून आले आणि रुग्णालय बदलायला लागले. सांडपाण्याची नाली झाकली गेली. वेगवेगळ्या रंगांच्या कचरापेट्या आल्या. हात धुण्याच्या पायऱ्यांची चित्रे प्रत्येक बेसिनवर लागली. बाळंतिणीसाठी रक्त हवे असले की डॉक्टर स्वतः गाडी काढून बुलढाण्याला जात, हे मी कित्येकदा ऐकले आहे. दुसऱ्याच वर्षी स्वच्छता आणि सेवेसाठी जिल्हा पातळीवरची ढाल मिळाली. सगळ्यांनी कक्षात येऊन फोटो काढले. कोणीतरी गमतीने ती ढाल माझ्या पारड्यात ठेवली.

“सतराशे चाळीस,” जयमाला सिस्टरांनी वाचले.

“लय कमी भरली,” कोकिळाबाई म्हणाल्या. “पाठवा जिल्ह्याले. काचेच्या पेटीत ठेवा लागते इले.”

दुसऱ्या दिवशी ढाल खरोखरच दर्शनी दालनातल्या काचेच्या कपाटात गेली. येणारे-जाणारे तिच्यासमोर थांबतात. मलाही त्या दिवशी बरे वाटले होते. एवढ्या कामात माझाही वाटा आहे असे वाटले.

पुढची पायरी राज्याच्या पुरस्काराची होती. तो प्रत्येक कक्षाला वेगळा मिळतो आणि त्यासाठी कक्षप्रमुखाच्या सहीने अर्ज करावा लागतो. आमच्या प्रसूती कक्षाने या वर्षी अर्ज केला. जयमाला सिस्टर येत्या जूनमध्ये निवृत्त होणार आहेत. डॉक्टर सगळ्यांना सांगत, “हा पुरस्कार सिस्टरांच्या हातात द्यायचा आहे.” मनापासून सांगत.

आता मी चुकीकडे येतो.

मागच्या वर्षी ऑक्टोबरात कोकिळाबाईंनी त्यांच्या बचत गटातल्या बायांकडून बाळांसाठी दुपटी शिवून आणली. जुन्या, मऊ झालेल्या साड्यांचे दोन पदर, मधे आणखी एक, आणि त्यावरून हाताने घातलेला बारीक धावदोरा. रुग्णालयाची सुती फडकी विरली होती, त्यामुळे सगळ्यांना आनंद झाला. डॉक्टरांनी गठ्ठ्याचा आणि कोकिळाबाईंचा फोटो काढला. त्या दिवसापासून प्रत्येक बाळ दुपट्यात गुंडाळून माझ्यावर यायला लागले.

एक जुने फडके मात्र माझ्याशेजारच्या खिळ्यावर राहिले. कारण भिंतीवरच्या तक्त्यात लिहिले होते: ‘फडके ठेवून शून्य तपासावे.’ रोज सकाळी कोणीतरी ते फडके काढी, माझ्यावर ठेवी, सुई शून्यावर पाही, सही करी आणि फडके परत खिळ्याला अडकवी. त्यानंतर दिवसभर बाळे येत ती दुपट्यात.

मी काय करणार होतो? जे ठेवले ते मी दाखवतो. फडके ठेवले तेव्हा शून्य दाखवले. दुपट्यातले बाळ ठेवले तेव्हा बाळ आणि दुपट्याचा जास्तीचा भार, दोन्ही मिळून दाखवले. असे चौदा महिने चालले.

यंदा एक डिसेंबरला, सोमवारी, जयमाला सिस्टर अर्जासोबत पाठवलेले आकडे, बारा तारखेच्या निरीक्षणासाठी, पुन्हा पाहत होत्या. दर महिन्याला शंभरातली किती बाळे अडीच किलोपेक्षा कमी भरली, असा एक रकाना होता. आमच्याकडे तो आकडा पूर्वी चोवीसच्या आसपास असे. गेल्या चौदा महिन्यांत तो सोळा होता. डॉक्टर या आकड्यावर फार खूश होते. जून महिन्यात त्यांनी गरोदर बायांना शेंगदाण्याचे आणि गुळाचे लाडू द्यायला सुरुवात केली होती. “सिस्टर, एक परिच्छेद लिहा,” ते म्हणाले होते, “हे आपण कसं साध्य केलं त्याचा.”

जयमाला सिस्टरांनी लिहिण्याआधी वहीत आलेख काढला. महिन्यांचा नाही, आठवड्यांचा. मग बराच वेळ त्या पेन्सिल हातात धरून बसल्या. लाडू हळूहळू लागू पडायला हवे होते. जी बाई महिनाभर लाडू खाऊन बाळंत झाली तिच्या बाळात थोडा फरक, चार महिने खाल्ले तिच्यात जास्त. रेघ तिरपी उतरायला हवी होती. ती तशी नव्हती. ती सपाट जात होती, लाडू यंदाच्या जूनमध्ये सुरू झाले तिथेही सपाटच. त्याच्या कितीतरी आधी, मागच्या वर्षीच्या ऑक्टोबरात, एकाच आठवड्यात ती पायरीसारखी खाली आली होती.

“कोकिळाबाई, मागच्या वर्षी ऑक्टोबरात काय झालं होतं आपल्याकडे?”

“दसरा.”

“दसरा सोडून.”

“मंग माह्या दुपट्यायचा गठ्ठा आला. सोमवारी. सरायनं फोटो काढला न, मी डोये मिटले त्याच्यात.”

जयमाला सिस्टर उठल्या. खिळ्यावरचे फडके त्यांनी माझ्यावर ठेवले. शून्य. ते काढून एक धुतलेले दुपटे ठेवले. सुई शंभरावर गेली. त्यांनी दुपटे उचलले, पुन्हा ठेवले. पुन्हा शंभर. मग गठ्ठ्यातली आणखी चार दुपटी एकेक करून ठेवली. ऐंशी, शंभर, एकशे वीस, शंभर. वहीत त्यांनी पाच आकडे एकाखाली एक लिहिले आणि सरासरी काढली, जरी ती न काढताही दिसत होती.

कोकिळाबाई दारात बादली घेऊन उभ्या होत्या. “काय करून राह्यल्या बाई?”

“काही नाही,” जयमाला सिस्टर म्हणाल्या. त्या दिवशी त्यांनी कोकिळाबाईंना सांगितले नाही. चावी फिरवली मात्र, आणि तेव्हापासून दुपटे आधी ठेवून शून्य पाहायला सुरुवात केली.

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी रजिस्टर काढले. चौदा महिन्यांत आठशे चाळीस बाळे. त्यांतली ज्यांची वजने अडीच किलो ते दोन हजार पाचशे ऐंशी अशी लिहिलेली होती, ती सगळी खरे तर रेघेच्या वरची, कमी वजनाची होती. त्यांनी नावे एका कागदावर उतरवली. सदुसष्ट झाली.

मित्रांनो, शंभर ग्रॅम म्हणजे फार नाही असे तुम्हाला वाटेल. पण आमच्याकडे अडीच किलोच्या खालच्या बाळाच्या नावापुढे रजिस्टरात लाल टिकली लावतात. ज्याच्या नावापुढे टिकली, त्याच्या घरी गावातली आशा सेविका जास्त वेळा जाते. त्याला उबदार ठेवतात का, दर दोन तासांनी पाजतात का, वजन वाढते का, ते पाहते. टिकली नसली तर ती नेहमीपुरतीच जाते. त्या सदुसष्ट नावांपुढे टिकली नव्हती. काही बाळे आता वर्षाची झाली होती, त्यांचे जे व्हायचे ते होऊन गेले होते. काही मात्र अजून दोन-तीन महिन्यांची होती.

दुसऱ्या दिवशी जयमाला सिस्टरांनी डॉक्टरांना कक्षात बोलावले आणि दुपटे ठेवून दाखवले. डॉक्टर वाकून सुईकडे पाहत राहिले.

“किती म्हणता?”

“सदुसष्ट, सर.”

“काट्यानं दाखवलं ते आपण लिहिलं. कोणी खोटं लिहिलं का?”

“नाही.”

“मग निरीक्षण होऊ द्या. बारा तारखेला पथकाच्या मॅडम येऊन जातील. तेरा तारखेला तुम्ही आणि मी बसू, रजिस्टर दुरुस्त करू. दहा-अकरा दिवसांत काय बिघडतं?”

जयमाला सिस्टर “बरं सर” म्हणाल्या.

डॉक्टर गेल्यावर त्यांनी एका आशाताईला फोन लावला. कागदावरची तीन नावे वाचली आणि जाऊन येशील का असे विचारले. पलीकडचा आवाज मला ऐकू येत होता. “जातो न ताई. पण लाल टिकली नाही त्या नावावर. मंग जास्तीची भेट मी कशात दाखवू? आणि घरचे इचारतीन, काऊन आली म्हणून. काय सांगू?” जयमाला सिस्टरांनी “राहू दे, कळवते” म्हणून फोन ठेवला. कागदाची घडी करून ॲप्रनच्या खिशात घातली. त्यानंतर रोज सकाळी त्या ती घडी जुन्या खिशातून काढून धुतलेल्या ॲप्रनच्या खिशात ठेवत.

पाच तारखेला लसीकरण होते. दुसरबीडहून सरस्वतीबाई नातीला घेऊन आल्या. सोबत सून करिष्मा होती. नात सहा आठवड्यांची, घरात तिला छकुली म्हणत.

“ओ शिस्टर, सुई टोचा बरं लवकर. दोनची गाडी धरा लागते आमाले.”

“आधी वजन करू, आजी.”

“करा. पोरगी लय गुनाची हाय. रडतच नाही. निजली का निजली. माह्या घरात सहा लेकरं झाले, असं शांत एकही नव्हतं.”

जयमाला सिस्टरांनी दुपटे ठेवून शून्य पाहिले आणि मग छकुलीला माझ्यावर ठेवले. ती जेमतेम हलली. सुई दोन हजार आठशे वीसवर थांबली. जयमाला सिस्टरांनी जन्माचे कार्ड पाहिले. दोन हजार पाचशे चाळीस. त्यातून त्यांनी मनात शंभर वजा केले असणार, कारण त्यांचे ओठ जरा हलले. बेचाळीस दिवसांत तीनशे ऐंशी ग्रॅम. दिवसाला नऊ. पंचवीस तरी हवे होते.

“करिष्मा, दिवसातून किती वेळा पाजतेस?”

“उठली का पाजतो.”

“उठते किती वेळा?”

करिष्माने सासूकडे पाहिले. “चार. कधी पाच.”

“आजी,” जयमाला सिस्टर हळू आवाजात म्हणाल्या, “ही शांत नाही. हिच्या अंगात रडायचं बळ नाही. कमी वजनाचं लेकरू असंच झोपून राहतं. त्याला उठवून पाजावं लागतं.”

सरस्वतीबाईंना राग आला. “कमी वजनाचं? तुमच्याच कागदावर अडीचाच्या वरतं लिहेल हाय. मी गावात साखर वाटली त्याच्यावर. मंग तवाच काऊन नाही सांगतलं?”

जयमाला सिस्टर माझ्याकडे पाहत राहिल्या.

दोनची गाडी गेली. छकुलीला आणि तिच्या आईला तीन दिवस ठेवून घेतले. दर दोन तासांनी कोकिळाबाई येऊन बाळाच्या तळव्याला टिचकी मारत, कानाची पाळी चोळत, तिला जागे करत. करिष्मा पाजे. पहिल्या दिवशी छकुली दोन घोटांत झोपून जाई. तिसऱ्या दिवशी ती उठवल्यावर रडली, आणि कक्षातल्या बाया हसल्या. त्या दिवशी सुई दोन हजार नऊशेवर गेली.

“निजेल लेकरू उठवाले लावते,” जाताना सरस्वतीबाई करिष्माला म्हणाल्या, “असा दवाखाना मी पाह्यला नाही.” पण त्यांनी पाजण्याच्या वेळा विचारून घेतल्या, दोनदा.

त्या गेल्यावर कोकिळाबाई दुपटी घडी करत बसल्या. घडी करता करता त्यांनी विचारले, “काय लपवून राह्यल्या तुमी? आठ दिवस झाले, दुपटं आधी ठेवता, मंग लेकरू.”

तेव्हा जयमाला सिस्टरांनी त्यांना सगळे सांगितले. कोकिळाबाईंचे हात थांबले. मांडीवरच्या दुपट्यावर निळा धावदोरा होता, त्यावरून त्यांनी बोट फिरवले.

“म्हंजे माह्या दुपट्यायनं केलं.”

“दुपट्यांनी नाही. फडकं बदललं तेव्हा काटाही बदलायचा होता. तो मी बदलला नाही. रोज सही केली आणि बदलला नाही.”

“त्या छकुलीचं काई बरंवाईट झालं असतं?”

“झालं असतं.”

“अशा आनखी किती हायेत?”

“आत्ता दोन-तीन महिन्यांच्या आतल्या अकरा.”

कोकिळाबाई पुन्हा घडी करायला लागल्या. गठ्ठा संपत आला तेव्हा म्हणाल्या, “मंग सांगून द्या न बाई. माह्या दुपट्यायची काळजी करू नका. थे लेकरायच्या अंगावरच राह्यतीन, काटा त्याईले काई म्हणत नाही.”

“सरांनी तेरा तारीख सांगितली आहे.”

“सरायनं सांगतली. सरस्वतीबाईले काय सांगतलं मंग तुमी?”

जयमाला सिस्टरांनी घडी केलेली दुपटी उचलून कपाटात ठेवली. त्यानंतर चार दिवस गेले. मी रोज त्यांचा हात खिशाकडे जाताना पाहिला आणि रिकामा परत येताना पाहिला. त्या घाबरट नाहीत. कुठलीही बाई अडलेली असली की सगळ्यात आधी त्याच पुढे होतात. पण डॉक्टरांना त्या “बरं” म्हणाल्या होत्या, आणि डॉक्टर वाईट माणूस नव्हते.

मित्रांनो, या दिवसांत मी माझ्याबद्दलही विचार केला. मला रोज पुसले जात होते. माझी काच स्वच्छ होती. माझी तपासणी होत होती आणि तिची सहीही होत होती. माझी काळजी कोणी घेतली नाही असे मी म्हणू शकत नाही. तरी चौदा महिने मी ज्या कामासाठी इथे आहे ते काम झाले नाही. म्हणून तुम्हाला एवढेच सांगतो. एखादी वस्तू जपताना ती कशासाठी आहे ते विसरू नका. तिची परीक्षा घ्यायची तर रोज जे वापरता तेच घेऊन करा. खिळ्याला टांगून ठेवलेले नको. आणि एखादा आकडा अगदी मनासारखा आला, की तो पुन्हा एकदा मोजा.

बारा तारखेला सकाळी दहा वाजता निरीक्षण पथक आले. प्रमुख वंदना मॅडम होत्या. मध्यम वयाच्या, हातात जाड फाईल, पिशवीत स्वतःचा थर्मामीटर. त्यांनी लस ठेवण्याच्या फ्रिजचे तापमान स्वतः पाहिले. नळ उघडून पाहिला. एका बाळंतिणीजवळ बसून जेवण वेळेवर मिळते का ते विचारले. फार बोलत नव्हत्या. फाईलमध्ये खुणा करत होत्या. डॉक्टर त्यांच्या मागे चालत होते आणि दर खुणेला त्यांचा चेहरा थोडा मोकळा होत होता.

मग त्या माझ्यापाशी आल्या. भिंतीवरचा तक्ता त्यांनी वरून खाली वाचला.

“यंदा एक दिवसही सुटलेला नाही,” त्या म्हणाल्या. “हे मी पहिल्यांदा पाहते आहे.”

“आमच्या सिस्टर आहेत तशा,” डॉक्टर म्हणाले.

वंदना मॅडमनी फाईलमधला आलेख काढला. चोवीसवरून सोळावर आलेली रेघ. तो त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला आणि चष्मा वर केला.

“या भागात एवढा फरक एका वर्षात मी कुठे पाहिला नाही. सिस्टर, मला हे तुमच्याकडून ऐकायचं आहे. कसं केलंत?”

जयमाला सिस्टर टेबलाच्या पलीकडे उभ्या होत्या. त्यांनी आलेखाकडे पाहिले. दारात कोकिळाबाई स्वच्छ दुपट्यांचा गठ्ठा छातीशी धरून उभ्या होत्या. खाटेवरचे एक बाळ कुरकुरले आणि त्याच्या आईने त्याला जवळ घेतले.

डॉक्टर पुढे झाले. “मॅडम, जूनपासून आपण गरोदर मातांना लाडू…”

“सर,” जयमाला सिस्टर म्हणाल्या, “थांबा जरा.”

डॉक्टर थांबले. त्यांना कळले असावे. त्यांनी टेबलाच्या कडेवर हात टेकला, पण सिस्टरांना अडवले नाही. जयमाला सिस्टरांनी खिशातला कागद काढला. घड्यांवर तो जवळजवळ फाटला होता. त्यांनी तो उलगडून आलेखावर ठेवला आणि तळहाताने सपाट केला.

“सोळा खरे नाहीत, मॅडम. चोवीसच आहेत. चौदा महिने आम्ही लेकरासोबत दुपट्याचंही वजन लिहिलं. सदुसष्ट लेकरं आहेत, त्यांची नावं ही. यांच्यापुढे लाल टिकल्या मी आत्ता लावते, म्हणजे आशा दुपारीच निघतील. आणि कक्षाच्या अर्जावर माझी सही आहे, ती मी मागे घेते.”